हबशी पाच, साहेबी तीन, फकडी एक

धर्मापुरी, जिल्हा बीड
फाल्गुन शुद्ध ३, शके १८४०

मागची वही आश्विनात अर्ध्यावर सोडली. ती पुन्हा उघडणार नाही. ही नवी, माझ्या हाताने शिवलेली, पानं एकशे चाळीस.

आज तोडणी सुरू केली. वेली एकूण दोनशे बारा. पैकी हबशी एकशे अठरा, काळी साहेबी साठ, फकडी चौतीस. सगळ्या पांगाऱ्याच्या जित्या खांबांवर, दौलताबादेत लावतात तशा. विहिरीला दीड हात पाणी आहे. द्राक्ष लहान आहे पण साल जाड आहे, म्हणजे रंग चांगला येईल.

या द्राक्षाची मी करतो तिला गावातले लोक दारू म्हणतात. दारू नव्हे, वाईन. मोमिनाबादला फौज होती तेव्हा साहेब लोकांच्या मेसची कोठी मी चौदा वर्षं सांभाळली. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून इंग्रजी शिकलो, कुणी शिकवलं नाही. साहेब माझे डोळे बांधून पाच पेले पुढे ठेवत आणि मी नुसत्या वासावरून बाटली सांगत असे. एकदाही चुकलो नाही. गिळली मात्र कधी नाही. घोट फिरवायचा आणि थुंकायचा. फौज मोडली तेव्हा दौलताबादच्या काड्या आणून ओढ्याकाठचा हा सरकारी तुकडा पट्ट्याने घेतला.

तो पट्टा येत्या आबानअखेर, सरकारी फसली साल सरताना, संपतो. तेलगावकडच्या एका जमीनदाराने जमीन कापसाला मागितली आहे. लढाईपासून कापसाला सोन्याचा भाव. कचेरीतल्या पेशकारांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो: अव्वल तालुकदार, जिल्ह्याचे मुख्य साहेब, चैत्र वद्य दशमीला मोमिनाबादच्या बंगल्यात जेवतील, पाच पाहुणे बरोबर. तुमची चीज पेल्यात जाईल. पसंत पडली तर पट्टा पुढे. नाही तर वेली उपटून जमीन मोकळी करून द्यायची.

आश्विनात मानमोडीच्या तापाची साथ आली. मी अकरा दिवस पडून होतो. माझा मुलगा मुंजाजी नवव्या दिवशी गेला. मी उठलो तेव्हा त्याची माती होऊन दोन दिवस झाले होते. वय एकोणीस. ओढ्याच्या अंगाची पांगाऱ्याची रांग त्याने लावलेली आहे.

हे एकदा लिहिलं. परत लिहिणार नाही.

फाल्गुन शुद्ध ८

द्राक्षं तुडवली. दरसाल हे काम मुंजाजीचं. पाय धुऊन, बंडी घालून, हौदात उभा राहून गाणी म्हणायचा. मी गप्प तुडवली.

फकडीचा रांजण तडकलेला निघाला. ख्वाजाने त्याचा जुना पाठवला. ख्वाजा मेसमधला माझा जोडीदार, तेव्हा खानसामा होता, आता बंगल्यावर तेच काम करतो. बरोबर निरोप: ह्यात सिरका होता, तीन वेळा कढत पाण्यानं धुवा आणि गंधकाच्या तीन धुऱ्या द्या, कमी न्हाई. गंधक माझ्याकडे पाचच तोळे उरलेला. तीन वेळा धुतला. मग रांजणात डोकं घालून वास घेतला, एकदा नव्हे, तीनदा. कसलाही वास नाही. सिरक्याचा आंबट वास नाही, मातीचाही नाही. इतका स्वच्छ रांजण आजवर माझ्या कोठीत आला नव्हता. धुरीची गरज नाही असं ठरवलं. ख्वाजा स्वयंपाक्या माणूस. रांजण कसा पारखायचा ते त्याने मला सांगू नये.

फाल्गुन वद्य २

बाजारात हिंगवाल्याशी भांडण झालं. घरी आणलेल्या हिंगाला वासच नव्हता. मी पुडी त्याच्यापुढे आपटली. त्याने पुडी उघडली तशी शेजारचा सुतार नाकाला उपरणं लावून उठला आणि म्हणाला, मिटव की रं ती पुडी, डोकं उठलं. दोघं एकमेकांना सामील आहेत. लढाईपासून हरेक मालात भेसळ.

फाल्गुन वद्य ९

जेवणात राम नाही. केसरबाई पोरगा गेल्यापासून मन लावून रांधत नाही. बोलत नाही मी. येसराची आमटी काय, भरीत काय, सगळं कोमट पाण्यासारखं लागतं. मीठ आणि तिखट तेवढं कळतं.

आज दुधाचा गडू पुढे ठेवून बसली. म्हणाली, "अवो, दुधात काय घातलंय, सांगा बरं."

मी म्हणालो, वेलदोडा. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग गडू उचलून आत गेली. एवढ्या साध्या गोष्टीचं कसलं नवल तिला.

चैत्र शुद्ध १, शके १८४१

पाडवा. गुढी उभारली नाही, वर्षाचं सुतक.

तिन्ही रांजणांतून पळीभर काढून चाखली. हबशी तोंड आवळते, बाकी काही नाही. साहेबी गोड, बाकी काही नाही. फकडी झणझणीत आंबट. पाणी कमी मिळालं की फकडी अशी होते. पण दरसाल हबशीच्या तोंडाशी वाकलं की जांभळाचा, भिजल्या मुरमाचा वास यायचा. यंदा काही नाही. खालच्या काळ्या मातीतली वेल माजते आणि द्राक्ष पाणचट देते हे मला ठाऊक आहे. पण वरच्या मुरमाड उतारावर असं कधी झालं नव्हतं. दुष्काळाने वास मारला असावा.

पंचवीस दिवस राहिले. जीव थाऱ्यावर नाही.

कोपऱ्यात मागच्या सालची हबशी आहे, नऊ शेरांचा लहान रांजण. मुंजाजीने तुडवलेली शेवटची. लिंपण ओलं असताना त्याने अंगठा दाबून ठेवला होता, खूण म्हणून. त्याला हात लावायचा नाही.

चैत्र शुद्ध ११

आज मिश्रण केलं. हबशी पाच, साहेबी तीन, फकडी एक. हे माप माझं स्वतःचं, कुठल्या पुस्तकात नाही. नऊ सालं मोडून बसवलेलं. हबशी रंग आणि जोर देते. साहेबी तिला मऊ करते. फकडी नसेल तर वाईन तोंडात बसूनच राहते, उठत नाही.

हबशी पंचावन्न शेर, साहेबी तेहेतीस, फकडी अकरा. एकूण नव्व्याण्णव. मापात पळीचाही फरक नाही. शिल्लक हबशी पस्तीस, साहेबी सतरा, त्यांचे रांजण परत लिंपून टाकले.

घरी आलो तर केसरबाई म्हणाली, तुमच्या कपड्याला लोणचं उतल्यासारखा वास येतोय. मी म्हणालो, कोठीत कधी पाय ठेवला नाहीस, तुला वाईन काय कळणार. खरंच ठेवलेला नाही. पहिल्या साली वाईन केली तेव्हा तिच्या माहेरच्यांनी आमच्याकडचं पाणी बंद केलं. ती कपिलधारला समाधीच्या दर्शनाला गेली आणि कोठीचा उंबरा जन्मात ओलांडणार नाही अशी आण घेऊन आली. तेरा वर्षं झाली.

चैत्र वद्य ४

ख्वाजा आला. अंगणात बसून दशमीचं जेवण ठरवलं. तो चिंचेचा सार म्हणत होता, मी खोडला. मी आयुष्यात मटण खाल्लेलं नाही. पण कोणत्या पदार्थाबरोबर पेला रिकामा परत येतो आणि कोणत्याबरोबर अर्धा, हे चौदा वर्षं उष्टे पेले मोजून मला पाठ आहे. चिंच असली की पेले भरलेले यायचे. हिरव्या मिरचीबरोबर वाईन नुसती जाळते. भाजलेली रान, म्हणजे बकऱ्याची आख्खी मांडी, लवंग, काळी मिरी, मंद विस्तव, असं असलं की पेले कोरडे. वांग्याच्या भरताबरोबरही कोरडे, हे साहेबांना स्वतःलाही माहीत नव्हतं. ख्वाजा हसून म्हणाला, आप्पा, तुमी न खाता सांगता अन् मी न पिता रांधतो, खानारे-पिनारे मधल्या मधी मोठे झाले.

मग मी त्याला मिश्रणाचा पेला दिला. तो पीत नाही. पण मेसमध्ये दरसाल माझा पेला हुंगायचा, तसा हुंगायला दिला.

त्याने पेला नाकाशी नेला आणि तिथेच धरून ठेवला. मग हळूच जमिनीवर ठेवला.

"आप्पा, हे मला द्या. रान मुरवतो ह्यात. पेल्यात नका घालू."

"कावून?"

"धुऱ्या किती दिल्या होत्या?"

मी कोठीच्या दाराकडे बघितलं.

"सिरका हाय, आप्पा. माज्याच रांजणाचा सिरका. लांबून येतोय वास. तुमाला न्हाई आला?"

मी त्याला नको ते बोललो. कोळसे फुंकणारा तू, असंही म्हणालो. तीस वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा. त्याने पायात जोडा घातला, दारापाशी थांबला, परत आला आणि पेला उचलून कठड्यावर ठेवला, कुणाच्या पायाने सांडू नये म्हणून. मग गेला.

चैत्र वद्य ५

पहाटे कोठीत गेलो. ख्वाजाच्या रांजणाचं लिंपण फोडलं. तळाशी उरलेल्या फकडीवर सायीसारखं जाड कातडं. मिश्रणाच्या रांजणाभोवती चिलटं, त्याच्यावरही तसंच कातडं धरू लागलेलं. डोळ्याला दिसतं. हबशी-साहेबीच्या शिलकी रांजणांवर एक चिलट नाही.

मग घरी येऊन, केसरबाई ओढ्यावर गेली असताना, दार लावून तपासणी केली. नोंद:

हिंग, खलात कुटून: नाही.
घासलेट, बोळ्यावर: नाही.
लसूण, चुरडून: नाही. डोळ्याला पाणी आलं, वास नाही.
घोंगडीचा दोरा, जाळून: नाही.
पेटीतली मुंजाजीची बंडी: नाही. पुन्हा. नाही. तिसऱ्यांदा. नाही.

मला वास येत नाही. आश्विनापासून येत नाही.

चैत्र वद्य ५, दुपार

हिंगवाला खोटा नव्हता. रांजण स्वच्छ नव्हता. नव्व्याण्णव शेर माझ्या हाताने नासले, माप बिनचूक घेऊन.

चैत्र वद्य ६

काही खाल्लं नाही. पाच दिवसांत नवी वाईन होत नाही. शिलकीतून मिश्रण करायचं तर नाक पाहिजे, आणि फकडी शिल्लक नाही. पेशकारांना निरोप लिहिला की आजारी आहे, माल तयार नाही. फाडला. परत लिहिला.

शेवटचा निरोप केसरबाईच्या हाती पडला. तिला वाचता येत नाही. पण मी सकाळपासून तीन कागद फाडले हे तिने पाहिलं होतं. कागद घडी करून चुलीपाशी ठेवला आणि समोर येऊन बसली. मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाली, ठावं हाय.

कधीपासून, विचारलं.

"त्या दिवशी दूध करपलं होतं. तळाला पार कोळसा. शेजारची कडूबाई वासानं धावत आली, काय पेटलं म्हनून. अन् तुमी वेलदोडा म्हनालात."

सांगितलं का नाही, असं मी ओरडलो. ती म्हणाली, पोरगा गेला, त्याच्या माघारी तुमच्याजवळ तेवढंच उरलं होतं. ते बी गेलं म्हनून मी कोन्या तोंडानं सांगू.

चुलीपाशी ठेवलेला कागद उचलून मी चुलीत घातला.

चैत्र वद्य ७

आज घडलं ते क्रमाने लिहितो.

सकाळी केसरबाई कोठीपाशी आली आणि उंबऱ्याच्या बाहेर पोतं टाकून बसली. आत येणार न्हाई, म्हणाली. पन तुमी भाईर आना. आण उंबऱ्याची हाय, वाटीची न्हाई.

मी वाट्या आणत गेलो. ती पदर बाजूला करून हुंगायची आणि सांगायची. तिच्याजवळ मेसचे शब्द नाहीत. नासलेल्या मिश्रणाला म्हणाली, श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशीची आमटी. साहेबी हुंगून म्हणाली, काकवी, पन कढईला लागायच्या आधीची. नवी हबशी हुंगून म्हणाली, कोरं मडकं, आत काहीच न्हाई. मी सगळं लिहून घेतलं. चौदा वर्षांत कुणी साहेब इतकं नेमकं बोलला नव्हता.

मी पाचाला तीन मिसळून दिलं. हुंगलं, जिभेला लावलं, थुंकलं. तेरा वर्षांत हे पहिल्यांदा. म्हणाली, आमटीत चिंच घालायची ऱ्हायली. फकडी कुठून आणू, मी म्हणालो. ती म्हणाली, बांधाकडच्या वेलीवर मागास घड हायेत चार, मी कालच बघितलेत, कच्चे हायेत, आंबट ढोण. ते तोडले, फडक्यातून पिळले. अर्धा शेर रस. थेंबाथेंबाने घालत गेलो. सातव्या वाटीला ती म्हणाली, आता उठलं.

पण तोंड वाकडंच. काय, विचारलं. "सगळं बराबर हाय. पन घरात मानूस नसल्यावानी हाय."

मला समजलं ती काय म्हणते. नवी हबशी कोरी. जुनी एकच आहे.

मी आत कोपऱ्यातल्या लहान रांजणापाशी गेलो. मग लिंपण फोडलं. अंगठ्याचा ठसा दोन तुकडे झाला. वाटी भरून उंबऱ्यापाशी नेली.

तिने वाटी घेतली आणि नाकाशी नेली. मी म्हणालो, नासली का, सांग. तिने नाही अशी मान हलवली. वाटी तशीच धरून डोळे मिटून बसली. मी लेखणी घेऊन उभा. शेवटी म्हणाली,

"मुंज्याची बंडी हाय ही. हौदातून भाईर आल्यावरची. घामेजलेली."

ती बंडी मी परवा तीनदा नाकाला लावली होती.

मी म्हणालो, मग ही ठेवू. दुसरं काही बघू. ती म्हणाली, दुसरं काय हाय. मी म्हणालो, नऊ शेरच आहे, ओतली की संपली. ती उठली, पोतं झटकलं आणि म्हणाली, "ओता. ती रांग त्यानं लावलीय. पांगारे उपटल्यावर ही वाटी घेऊन मी काय करू."

नऊ शेर ओतली. पैकी एक वाटी तिने काढून नेली.

चैत्र वद्य ८

ख्वाजाच्या दारी गेलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, दारात विसरलो. त्याची बायको आमिनाबी म्हणाली, या आप्पा, चार दिवस हे बी नीट जेवलेले न्हाईत. ख्वाजा आतूनच बोलला: बाकीच्या सिरक्याचं काय करताय? नव्व्याण्णव शेर हाय, लई रानं मुरतील. मी म्हणालो, तुझाच आहे, घेऊन जा.

चैत्र वद्य १०

बंगला, मोमिनाबाद. स्वयंपाकघराच्या मागे उभा राहून लिहितो आहे.

मी सांगितलं तेच ताट. भाजलेली रान, सिरक्यात एक रात्र मुरवून मग पुसून कोरडी केलेली. लवंग, मिरी. बाजूला भरीत. चिंच नाही, हिरवी मिरची नाही. सहा पेले आत गेले.

पाऊण तास झाला.

पेले परत आले. पाच. पाचही कोरडे, तळाला लाल रेघ तेवढी. सहावा आला नाही. वाढपी म्हणतो तालुकदार साहेबांचा. टेबलावर नाही म्हणतो. खिडकीतून ओतला असेल, नाही तर नोकराला देऊन टाकला असेल. मेसमध्ये एक कर्नल नावडती वाईन फुलांच्या कुंडीत ओतायचा. इथे ओसरीवर कुंड्या चार आहेत.

ख्वाजा म्हणाला, आप्पा, बसा, पडाल. बसलो नाही.

अर्धा तास झाला. वाढपी ओसरीवरून आला. साहेब पेला घेऊन ओसरीवर बसलेत, आणखी आहे का विचारतात.

वैशाख शुद्ध ९

हुकूम आला. पेशकारांनी वाचून दाखवला. ओढ्याकडची खालची काळी जमीन कापसाला, आबाननंतर. वरचा मुरमाड उतार माझ्याकडे, एका सालासाठी. पुढच्या चैत्रात हीच चीज पुन्हा पेल्यात गेली तर पुढे बघू. हीच, यावर पेशकारांनी बोट ठेवलं.

खाली चौऱ्याऐंशी वेली आहेत. मुंजाजीची रांगही खालीच. ज्या रांगेसाठी तिने ती ओतायला लावली, ती रांगच गेली. वाटेत बारा वेळा ठरवलं की तिला आज सांगायचं नाही. घरी गेलो आणि सांगितलं. ती पाट्यावर वाटत होती. हात थांबला, परत सुरू झाला. मग म्हणाली, पांगाऱ्याच्या फांद्या पावसाळ्यात तोडून लावल्या की धरतात न्हवं? धरतात, मी म्हणालो. मग वर लावू, म्हणाली. आन् वेलीच्या काड्या बी.

हीच चीज मात्र पुन्हा होणार नाही. हे तिलाही माहीत आहे, मलाही. होईल ती वेगळी होईल. चैत्रात पेला कोरडा येईल की कुंडीत जाईल, देव जाणे. तीनशे दिवस आहेत.

वैशाख शुद्ध ११

केसरबाई कपिलधारला गेली, बैलगाडीने, कडूबाईला सोबत घेऊन. आण परत द्यायची आहे म्हणाली. तोडणीला आत यावंच लागेल, भाईर बसून किती वाट्या हुंगायच्या.

ती गेल्यावर रांजण धुवायला काढले. सगळे, तीन तीन वेळा कढत पाण्याने, आणि गंधक परळीहून मागवून तीन तीन धुऱ्या. माझं नाक काय सांगतं ते विचारलं नाही.

लहान रांजण हातात घेतला तेव्हा ती जाताना काय बोलली ते आठवलं. गाडीत बसून पदर सावरत म्हणाली होती, धाकल्या रांजणाला पानी लावू नका. मी म्हणालो, असा ठेवला तर दुसऱ्या मालाला वास लागेल. ती म्हणाली, लागू द्या.

तीस वर्षांत मी एकही रांजण न धुता कोठीत ठेवलेला नाही. हा ठेवला. तोंडावर फडकं बांधलं. वर चिठ्ठी लावली: हबशी, शके १८३९, तुडवणारा मुंजाजी उत्तरेश्वर फुलारी. रिकामा. धुऊ नये.